मक्याच्या शेतातली 24 दिवसांची पलटण

17 सप्टेंबर 1862 रोजी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, शार्प्सबर्ग गावाबाहेर अँटिटॅम नावाच्या ओढ्याकाठी एक लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 23,000 सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसाची इतकी हानी पुन्हा झालेली नाही. त्या दिवशी लढलेल्या अनेक पलटणींपैकी एकीचं, सोळाव्या कनेक्टिकट पायदळाचं, हे प्रकरण आहे. ही पलटण जिंकली नाही. दुपारी चारच्या सुमाराला ती मोडली आणि मागे पळाली. ‘नवखी पोरं घाबरली’ एवढ्यावर तिची गोष्ट बहुतेक वेळा आटोपते. माझ्या मते ती पळापळ त्या शेतात घडली खरी, पण तिची तयारी कित्येक आठवडे आधी, वेगवेगळ्या लोकांच्या निर्णयांतून झाली होती. ते निर्णय इथे एकेक करून पाहायचे आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांचं आणि गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या, फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचं यादवी युद्ध चालू होतं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. जुलै 1862 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी तीन वर्षांच्या नोकरीसाठी आणखी तीन लाख सैनिकांची मागणी केली. उत्तरेकडच्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड परगण्यात सभा झाल्या, भाषणं झाली, आणि त्या उन्हाळ्यात सोळावी पलटण उभी राहिली. त्या काळची पलटण, म्हणजे रेजिमेंट, दहा कंपन्यांची आणि कागदोपत्री हजारेक माणसांची असे. एकेका कंपनीत एका गावची, एका पंचक्रोशीची माणसं भरती होत. त्यामुळे रांगेत शेजारी उभा असलेला माणूस सख्खा भाऊ असे, शाळासोबती असे, नाहीतर गिरणीतला जोडीदार. शेतकरी होते, कारकून होते, कारखान्यातले कामगार होते. ‘के’ कंपनीचा कप्तान न्यूटन मॅनरॉस हा जर्मनीत गटिंगनला डॉक्टरेट मिळवलेला शास्त्रज्ञ होता, आणि लेफ्टनंट कर्नल फ्रँक चेनी हा मँचेस्टर गावातल्या रेशीम गिरण्यांच्या घराण्यातला.

कर्नल फ्रान्सिस बीच हा मात्र पेशाने सैनिक, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेला. त्याच्या हाताखालच्या बहुतेक अधिकाऱ्यांना कवायतीची त्यांच्या शिपायांइतकीच ओळख होती.

24 ऑगस्टला पलटण सरकारी नोकरीत रुजू झाली आणि 29 ऑगस्टला तिने हार्टफर्ड सोडलं. दुसऱ्या बुल रनच्या लढाईत उत्तरेचा पराभव होत होता ते हेच दिवस. काही दिवसांत जनरल ली दक्षिणेची फौज घेऊन पोटोमॅक नदी ओलांडून मेरीलँडमध्ये शिरला. वॉशिंग्टनला पोचलेल्या नव्या पलटणींना निवांत छावणी मिळणं शक्यच नव्हतं. सोळावी पलटण नवव्या कोअरमध्ये, जनरल आयझॅक रॉडमनच्या डिव्हिजनमध्ये आणि कर्नल एडवर्ड हार्लंडच्या ब्रिगेडमध्ये दाखल झाली. (काही पलटणींची ब्रिगेड, काही ब्रिगेडींची डिव्हिजन आणि काही डिव्हिजनींचा कोअर अशी ती रचना होती.) ब्रिगेडमध्ये आणखी तीन पलटणी होत्या: आठवी आणि अकरावी कनेक्टिकट आणि चौथी ऱ्होड आयलंड. आठवी आणि चौथी या पलटणी नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या मोहिमेत तावूनसुलाखून निघाल्या होत्या. सोळावीने मात्र कूच सोडून काहीच केलं नव्हतं.

अडचण काय होती

त्या काळची बंदूक ठासणीची. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, गज परत जागी सारायचा, बार पेटवणारी धातूची छोटी टोपी बसवायची, नेम धरायचा. कवायतीच्या पुस्तकात या सगळ्याचे नऊ टप्पे होते आणि तयार शिपायाने मिनिटाला तीन बार काढावेत अशी अपेक्षा असे. सोळावीच्या शिपायांनी आपल्या बंदुका पहिल्यांदा भरल्या त्या 16 सप्टेंबरला, म्हणजे लढाईच्या आदल्या दिवशी.

बार भरायला मात्र एकवेळ एका संध्याकाळीही शिकता येतं. खरी उणीव होती ती हालचालींची. सुमारे 780 माणसं दोन रांगांत खांद्याला खांदा लावून उभी राहिली की जवळपास अडीचशे मीटर लांबीची माणसांची भिंत तयार होते. ही भिंत समोर मारा करू शकते, बाजूला नाही. शत्रू बगलेवर आला की सगळी भिंत वळवावी लागते. त्याला मोहरा फिरवणं म्हणू. एका टोकाची कंपनी बिजागरीसारखी जागेवर वळते आणि बाकीच्या नऊ कंपन्या दार फिरावं तशा फिरतात. टोकाच्या कंपनीला धावावं लागतं, मधल्यांना चाल मोजावी लागते, आणि प्रत्येक कप्तानाला कुठल्या क्षणी कोणता हुकूम द्यायचा ते पाठ असावं लागतं. मोकळ्या मैदानावर, कुणी गोळ्या झाडत नसताना, हे अंगवळणी पडायला महिने लागतात. या पलटणीच्या हाती 24 दिवस होते, आणि त्यातले बरेचसे धुळीत चालण्यात गेले.

लढाईचा दिवस

सकाळची लढाई रणांगणाच्या उत्तरेकडच्या टोकाला झाली. नवव्या कोअरला रणांगणाच्या दक्षिण टोकाला ओढा ओलांडायचा होता. दगडी पुलासमोरच्या टेकाडावर जॉर्जियाच्या, म्हणजे दक्षिणेच्या फौजेतल्या, साधारण चारपाचशे बंदूकधाऱ्यांनी पूल कित्येक तास अडवून धरला. पुलावरच्या एका हल्ल्यात अकराव्या कनेक्टिकटचा कर्नल किंग्जबरी प्राणघातक जखमी झाला. दुपारी एकच्या सुमाराला पूल उत्तरेच्या हाती आला. तोवर रॉडमनची डिव्हिजन ओढ्याच्या खालच्या अंगाला स्नेव्हली उतार नावाच्या उथळ जागी पाण्यातून पलीकडे गेली होती.

मग जवळजवळ दोन तास गेले. पुलाजवळ लढलेल्या तुकड्यांचा दारूगोळा संपला होता, त्यांच्या जागी विलकॉक्सची ताजी डिव्हिजन त्या अरुंद पुलावरून आणायची होती. तीनच्या सुमाराला रांग पुढे सरकली. रॉडमन सगळ्यात डावीकडे, रॉडमनमध्ये हार्लंडची ब्रिगेड डावीकडे, आणि ब्रिगेडची डावी बाजू सोळावी आणि चौथीकडे. त्यांच्या डावीकडे आपला म्हणावा असा एकही माणूस नव्हता.

त्याच वेळी दक्षिणेचा जनरल ए. पी. हिल हार्पर्स फेरीहून 17 मैल तुडवत येत होता. दोनच दिवसांपूर्वी तिथे उत्तरेचे 12,000 हून अधिक सैनिक शरण आले होते, आणि तिथल्या कोठारातले नवे निळे गणवेश हिलच्या अनेक शिपायांनी अंगावर चढवले होते. वाटेत कित्येक जण थकून मागे पडले. जे पोचले ते नेमके उत्तरेच्या उघड्या डाव्या बगलेसमोर.

निर्णयाचे क्षण आणि समोरच्या वाटा

सोळावी पलटण तेव्हा ऑटो नावाच्या शेतकऱ्याच्या 40 एकर मक्यात उभी होती. सप्टेंबरातला मका डोक्याच्या वर गेलेला असतो. शेत उताराचं आणि उंचसखल. कंपनीच्या एका टोकाला उभा असलेला शिपाई दुसरं टोक पाहू शकत नव्हता, मग पलटणीचं तर विचारायलाच नको. पुढे शेताच्या कडेला दगडी गडगा.

पहिला निर्णय हार्लंडचा. पुढे सरकण्याचा हुकूम सुटला तेव्हा आठवी कनेक्टिकट ताबडतोब निघाली. मक्यातल्या सोळावी आणि चौथीला तो हुकूम ऐकूच गेला नसावा, असं हार्लंडने नंतर आपल्या अहवालात लिहिलं. त्याने निरोप्या धाडला, पण तोवर आठवी बरीच पुढे गेली होती. आता दोन वाटा होत्या: आठवीला थांबवून मागच्या दोघींची वाट पाहायची, किंवा आठवीला तशीच जाऊ द्यायची. हार्लंडला थांबवायचं होतं. रॉडमनने हुकूम दिला की आठवीने चालत राहावं, मागच्या पलटणींना मी घेऊन येतो.

रॉडमनची बाजूही समजून घ्यायला हवी. सकाळपासून नववा कोअर उशीर करतोय हा ठपका डोक्यावर होता. समोर शार्प्सबर्गची घरं दिसत होती आणि लीच्या माघारीचा रस्ता हाताशी आल्यासारखा वाटत होता. अशा वेळी पुढे गेलेल्या पलटणीला थांबवणं म्हणजे हातची संधी घालवणं, असं त्याला वाटलं असणं स्वाभाविक आहे. पण त्या हुकुमाने आठवी आणि सोळावी यांच्यात जे भगदाड पडलं ते पुढे बुजलंच नाही.

थोड्याच वेळात डावीकडून येणारी फौज दिसली. रॉडमन इशारा द्यायला घोड्यावरून निघाला आणि छातीत गोळी लागून पडला. 30 सप्टेंबरला तो वारला. सोळावीला घेऊन येणारा माणूस असा मधल्यामध्ये गेला. सोळावीने डावीकडे मोहरा फिरवावा म्हणून हार्लंड स्वतः मागे निघाला, तर त्याचा घोडा गोळी लागून कोसळला. निरोपाची ही अख्खी साखळी घोड्यांवर आणि दोनचार माणसांवर टांगलेली होती, आणि महत्त्वाच्या वीस मिनिटांत ती दोन ठिकाणी तुटली.

आता कर्नल बीच. दक्षिण कॅरोलिनाच्या मॅक्सी ग्रेगची ब्रिगेड मक्याच्या डाव्या अंगाला येऊन ठेपली होती, काही जण गडग्याआडून मारा करत होते, काही थेट मक्यात घुसले होते. बीचसमोर माझ्या मते तीन वाटा होत्या. सरळ पुढे धावून गडगा गाठायचा. मागे हटून शेताच्या पाठीमागच्या चढावर, मोकळ्या नजरेच्या जागी पलटण पुन्हा उभी करायची. किंवा जागच्या जागी मोहरा फिरवायचा. पुस्तकाप्रमाणे तिसरी वाट बरोबर होती आणि बीचने तीच धरली. तयार पलटणीने ती कदाचित निभावलीही असती. मक्यात आंधळी झालेली, कालच पहिला बार भरलेली पलटण गोळीबाराखाली बिजागरीवर फिरवणं अशक्यच होतं. काही कंपन्या वळल्या, काहींना हुकूम पोचलाच नाही, काही एकमेकींच्या अंगावर आल्या. बीचने त्यांना पुन:पुन्हा उभं करायचा प्रयत्न केला. मग पलटण मोडली आणि मक्यातून वाट फुटेल तिकडे धावू लागली.

दुसरी वाट, म्हणजे माघार, सुचवणं मला आज सोपं आहे. गोळीबाराखाली शिस्तीत मागे हटणं ही कवायतही त्यांना कुणी शिकवली नव्हती. बीचच्या हाती एकही चांगली वाट उरली नव्हती.

चौथ्या ऱ्होड आयलंडचं काय झालं तेही इथेच सांगायला हवं, कारण ‘नवखेपणा’ हेच एकमेव कारण मानणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. ही अनुभवी पलटण सोळावीच्या मदतीला डावीकडे उभी राहिली. समोरच्यांच्या अंगावर निळे कपडे. आपलीच माणसं असतील म्हणून तिने काही वेळ गोळीबार थांबवला. खात्री करायला दोन लेफ्टनंट निशाणवाल्याला घेऊन पुढे गेले. अगदी वीसेक फुटांवरून त्यांच्यावर गोळ्या सुटल्या आणि निशाणवाला ठार झाला. लवकरच चौथीही मागे हटली. महिनोन्महिने लढलेल्या माणसांनाही ती जागा धरता आली नाही. नवख्यांनी ती धरायला हवी होती असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

परिणाम

सोळावीचे 43 जण ठार झाले आणि सुमारे 160 जखमी. तोफगोळ्याने मॅनरॉस गेला. ब्राउन, ड्रेक आणि बार्बर हे आणखी तीन कप्तान ठार किंवा प्राणघातक जखमी झाले. लेफ्टनंट कर्नल आणि मेजर दोघेही जखमी. पुढे एकटी पडलेली आठवी तीन बाजूंनी मार खाऊन मागे आली. तिची हानी सोळावीसारखीच जबर होती. डावी बगल ढासळल्यावर नवव्या कोअरची अख्खी रांग ओढ्याच्या दिशेने मागे घ्यावी लागली. उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन याने आपली राखीव फौज वापरली नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं. ली 18 तारखेलाही जागेवर उभा होता, त्या रात्री त्याने नदी ओलांडली. तोवर 40 एकर मका दोन फौजांच्या मध्ये होता. सोळावीचे जखमी त्या रात्री, दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या रात्रीही तिथेच पडून होते. काही अंतरावर त्यांच्याच गावची माणसं होती आणि त्यांना हाका मारण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. 19 तारखेला मक्यात जाऊन त्यांनी आपल्या माणसांना शोधलं आणि मेलेल्यांना पुरलं.

लढाईचा राजकीय परिणाम मोठा झाला. ली मागे फिरल्यामुळे लिंकन यांना हवी असलेली वेळ मिळाली. 22 सप्टेंबरला त्यांनी मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला आणि 1 जानेवारी 1863 ला बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त असल्याचं घोषित केलं. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. त्या मुक्तीची किंमत चुकवणाऱ्यांत मक्यात मोडलेली ही पलटणही होती. तिला त्या अर्पणपत्रिकेतून वगळावं असं मला वाटत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात 1862 च्या उन्हाळ्यापासून करावी लागेल. जुन्या पलटणी लढून लढून रोडावल्या होत्या. नवी माणसं त्यांच्यात मिसळली असती तर प्रत्येक नवख्याच्या शेजारी एक जाणता शिपाई उभा राहिला असता, आणि बंदूक कशी भरायची, कधी आडवं व्हायचं, आवाज कुठल्या बाजूचा, हे त्याने रांगेतच शिकवलं असतं. पण बहुतेक राज्यांनी नव्या पलटणी काढणं पसंत केलं. नव्या पलटणीत कर्नल, मेजर, कप्तान अशी पदं नव्याने वाटता येत, आणि गावकीच्या अभिमानाने भरतीही लवकर होई. विस्कॉन्सिन राज्य जुन्या पलटणींत भर टाकत राहिलं आणि जनरल शेर्मनने त्याची पुढे मुक्तकंठाने वाखाणणी केली. म्हणजे दुसरी वाट होती आणि लोकांना ती दिसतही होती. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक मी इथे मांडतो.

दुसरी गोष्ट जागेची. ब्रिगेडमधली सगळ्यात कच्ची पलटण उघड्या बगलेजवळ का उभी होती? नवख्यांना दोन जाणत्या पलटणींच्या मध्ये ठेवलं तर ते फक्त समोर पाहून लढू शकतात. बगलेवर उभं राहणाऱ्याला मोहरा फिरवता यावाच लागतो. ओढा उतरताना जो क्रम पडला तोच रांगेचा क्रम झाला असावा. उतरल्यानंतर जे दोन तास वाट पाहण्यात गेले त्यात हा क्रम बदलता आला असता. त्यासाठी ना पुलावरची गर्दी आड येत होती, ना दारूगोळ्याची टंचाई.

तिसरी गोष्ट घोडदळाची. डाव्या बगलेवर पहाऱ्याला स्वार असते तर हार्पर्स फेरीच्या रस्त्यावरची धूळ तासभर आधी दिसली असती. मॅक्लेलनचं घोडदळ मुख्यतः मध्यभागी मागे उभं होतं. उंचावरच्या सिग्नल ठाण्याने डावीकडे लक्ष ठेवण्याचा इशारा दिला होता, पण त्यावर वेळेत हालचाल झाली नाही. मक्यात उभ्या असलेल्या शिपायापर्यंत तर ती बातमी गोळीच्या रूपानेच आली.

आणि हार्लंडला आठवीला थांबवू द्यायला हवं होतं. दहापंधरा मिनिटांचा उशीर झाला असता, पण तिन्ही पलटणी एका रांगेत आल्या असत्या. हिलची फौज तरीही आलीच असती, त्यामुळे विजय मिळाला असता असं मी म्हणणार नाही. आठवी एकटी पडली नसती एवढं मात्र नक्की.

पुढची वाट

लढाईनंतर सोळावीला वेळ मिळाला आणि तिने कवायत केली. डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला आणि 1863 च्या वसंतात सफोकला ती होती. 1864 मध्ये तिला नॉर्थ कॅरोलिनातल्या प्लिमथ गावच्या बंदोबस्ताला ठेवलं. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या मोठ्या फौजेने गावाला वेढा घातला. नदीतून ‘आल्बमार्ल’ ही लोखंडी चिलखताची युद्धनौका उतरली आणि तिने उत्तरेचं एक जहाज बुडवलं. नदीची वाट बंद झाली. 17 ते 20 एप्रिल असे चार दिवस ठाणं झुंजलं आणि मग शरण गेलं. मोडून पळायला या वेळी जागाच नव्हती, आणि सोळावी मोडलीही नाही.

शरण जाण्याआधी पलटणीने आपली निशाणं काठ्यांवरून उतरवली, फाडली आणि चिंध्या वाटून घेतल्या. कैद्यांना जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात नेलं. त्या तुरुंगात आलेल्या सुमारे 45,000 कैद्यांपैकी जवळपास 13,000 मेले, उपासमारीने, हगवणीने, स्कर्व्हीने. सोळावीची माणसं तिथे अँटिटॅमपेक्षा कितीतरी जास्त मेली. मरणाऱ्याजवळची चिंधी जगणाऱ्याने घेतली, कपड्यांच्या आत शिवून ठेवली.

17 सप्टेंबर 1879 रोजी, अँटिटॅमला 17 वर्षं झाली त्या दिवशी, हार्टफर्डमध्ये कनेक्टिकटच्या सगळ्या पलटणींची निशाणं मिरवत राज्याच्या नव्या विधान भवनात नेली गेली. सोळावीच्या वाचलेल्या माणसांनी आपापल्या चिंध्या आणून दिल्या होत्या. त्या एका पांढऱ्या रेशमी निशाणावर शिवल्या होत्या, आणि मिरवणुकीत ते निशाण घेऊन तीच माणसं चालत होती.